उन्हाळा लागण्याआधी वराहपालनाचा हिशोब मांडा

उन्हाळा दीड-दोन महिन्यांवर आला की वराहपालक पंखे, फवारे, पाण्याची टाकी, छपरावरचे आच्छादन यांच्या मागे लागतो. ते करायलाच हवे. पण उन्हाळ्यातल्या तोट्याचा बराचसा भाग शेड तापण्याआधीच ठरून गेलेला असतो. कोणत्या आठवड्यात किती माद्या फळवल्या, दूध पाजणाऱ्या मादीचे खाद्य कसे बसवले आणि विक्रीला आलेली जनावरे किती दिवस थांबवली, या तीन गोष्टींवर तो ठरतो. हे तिन्ही निर्णय वहीतल्या नोंदी आणि थोडे गणित यांच्या जोरावर आजच घेता येतात. जागा, पैसा आणि दिवस मोजके असताना त्यांतून सर्वांत फायद्याची वाट कशी काढायची, हे सांगणाऱ्या या शास्त्राला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. नाव मोठे असले तरी मोबाइलवर एक्सेल उघडता येणाऱ्या कोणालाही यातले निम्मे काम जमते.

आधी जनावराची गरज पाहू. डुकराला अंग थंड करण्याइतका घाम येत नाही. धापा टाकणे, ओल्या जागेत लोळणे आणि कमी खाणे एवढेच त्याच्या हातात असते. दूध पाजणाऱ्या मादीला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवते. तापमान २५ च्या वर गेले की तिचे खाणे घटू लागते. त्याच कप्प्यातल्या नवजात पिल्लांना मात्र पहिले काही दिवस ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते. म्हणून संपूर्ण खोली गरम ठेवू नका. ऊब पिल्लांच्या कोपऱ्यात द्या आणि मादीच्या मानेवर थेंब-थेंब पाणी पडेल अशी सोय करा.

किती माद्या फळवायच्या?

मादीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा. २८ दिवसांनी दूध तोडले आणि त्यानंतर साधारण ५ दिवसांनी ती माजावर आली, तर एक फेरा १४७ दिवसांचा, म्हणजे बरोबर २१ आठवड्यांचा होतो. दर ३ आठवड्यांनी एक गट विणार असे ठरवले तर ७ गट पडतात. मादीचे माजाचे चक्रही २१ दिवसांचेच असते, त्यामुळे एखादी उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, तर ती नेमकी पुढच्या गटात जाऊन बसते. या पद्धतीत विण्याच्या दोन खोल्या पुरतात. प्रत्येक खोली ४२ दिवसांनी पुन्हा लागते: विण्याआधीचा एक आठवडा, दूध पाजण्याचे चार आठवडे आणि धुऊन, वाळवून, निर्जंतुक करण्यासाठी एक आठवडा. हा शेवटचा आठवडा कोणत्याही गडबडीत खाऊ नका.

आता खरा प्रश्न. समजा विण्याच्या खोलीत १२ कप्पे आहेत, एका मादीला एक. एरवी फळवलेल्या १०० माद्यांपैकी ८५ वितात आणि उन्हात फळवलेल्यांपैकी ७५. सरासरी काढणारा म्हणेल, १२ भागिले ०.८५ म्हणजे १४ आणि १२ भागिले ०.७५ म्हणजे १६, तेव्हा उन्हाळ्यात १६ फळवा. इथेच फसगत होते. १६ माद्या फळवल्या तर सरासरीने १२ विणार हे खरे, पण १२ पेक्षा जास्त विण्याची शक्यता सुमारे ४० टक्के निघते. मग तेराव्या-चौदाव्या मादीला कप्पा कुठून आणायचा? घाईत खोली न धुता भरली जाते, किंवा मादी उघड्या जागी विते आणि पिल्ले चिरडून मरतात. हीच शक्यता १५ माद्यांना २४ टक्के येते आणि १४ माद्यांना १० टक्के.

मग आकडा कसा ठरवायचा? एक कप्पा रिकामा राहिला तर किती नुकसान आणि एक मादी जास्त झाली तर किती, हे दोन आकडे आपल्या अनुभवावरून लिहून काढा. दोन्ही नुकसाने सारखी असतील तर १६ हेच उत्तर बरोबर येते. जास्तीच्या मादीचे नुकसान रिकाम्या कप्प्याच्या तिप्पट असेल तर उन्हाळ्यासाठी उत्तर १४ येते. त्याच तिप्पट हिशोबाने थंड दिवसांत १३ येते. म्हणजे उन्हाळ्यासाठी दोन नव्हे, एकच मादी वाढवायची. विकणाऱ्याने सकाळी किती वर्तमानपत्रे उचलावीत, हा ऑपरेशन्स रिसर्चमधला जुना प्रश्न आहे आणि वरचा हिशोब त्याच प्रकारचा आहे. इतक्यांपैकी किती वितील याची शक्यता सांगणाऱ्या, एक्सेलमधल्या बायनॉमियल वितरणाच्या सूत्रात आपले कप्पे आणि आपली टक्केवारी घातली की तुमचा आकडा मिळतो. माझ्या मते छोट्या फार्मवर, जिथे जास्तीची मादी हलवायला जागाच नसते, तिथे कमी बाजूला राहणे शहाणपणाचे.

फळवल्यानंतर ४ ते ५ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीने गाभण तपासणी करा. रिकामी मादी तेव्हाच कळली तर भाकड दिवस वाचतात. नराकडेही आताच लक्ष द्या. सलग काही दिवस उष्णतेचा ताण बसला की वीर्याची प्रत घसरते आणि तो परिणाम पुढचे ५-६ आठवडे टिकतो, कारण शुक्राणू तयार व्हायलाच तेवढे दिवस लागतात. सर्वांत थंड जागा नराला द्या.

दूध पाजणाऱ्या मादीचे खाद्य

तिला दिवसाला ५० ग्रॅम पचनीय लायसिन (प्रथिनांतले एक आवश्यक अमिनो आम्ल) हवे असे धरू. ती ६ किलो खात असेल तर खाद्यात ०.८३ टक्के लायसिन पुरते. उन्हामुळे ती ४.५ किलोवर आली तर तेवढ्याच लायसिनसाठी खाद्यात १.११ टक्के हवे. खाद्य तेच ठेवले तर ती अंगावरचे मांस झिजवून दूध देते आणि दूध तोडल्यावर वेळेत माजावर येत नाही. त्याचा फटका पुढच्या गटाला बसतो.

खाद्याची घनता वाढवताना पेंड भरमसाट वाढवू नका. जादा प्रथिने आणि तंतू पचवताना शरीरात जास्त उष्णता तयार होते, तेल-चरबीने त्या मानाने कमी. म्हणून उन्हाळी खाद्यात कोंडा कमी, थोडे तेल, पेंड बेताची आणि उरलेली गरज कृत्रिम लायसिन, थ्रिओनिन, मेथिओनिन या अमिनो आम्लांनी भागवायची. पण नेमके किती? इथे लिनिअर प्रोग्रॅमिंग कामाला येते.

पद्धत अशी. मका, सोयाबीन पेंड, गव्हाचा कोंडा, तेल, कृत्रिम लायसिन, खनिज मिश्रण असे प्रत्येक घटकाचे प्रमाण म्हणजे एक अज्ञात. सगळ्यांची बेरीज १०० किलो. ऊर्जा, लायसिन, कॅल्शियम, फॉस्फरस यांना किमान मर्यादा. तंतूंना कमाल मर्यादा. उन्हाळ्यासाठी एकूण प्रथिनांनाही कमाल मर्यादा घाला. नेहमीच्या सूत्रात ही बहुधा नसते, कारण तिथे फक्त किमान प्रथिने लिहिलेली असतात. मग सॉल्व्हरला, म्हणजे असे उत्तर शोधणाऱ्या संगणकातल्या साधनाला, सांगायचे: या सगळ्या अटी पाळून सर्वांत स्वस्त मिश्रण काढ. संगणकावरच्या एक्सेलमध्ये सॉल्व्हर आहे, लिब्रेऑफिसमध्ये तो फुकट मिळतो. १९४५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी ७७ अन्नपदार्थांतून माणसाचा सर्वांत स्वस्त वर्षभराचा आहार अंदाजाने काढला होता. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांच्या सिम्प्लेक्स पद्धतीने तोच प्रश्न नेमका सोडवायला नऊ जणांचे मिळून सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. आज तेवढे गणित क्षणात होते, त्यामुळे कच्च्या मालाचा दर बदलला की त्याच दिवशी पुन्हा चालवायला हरकत नाही.

उत्तराइतकाच त्यासोबत मिळणारा संवेदनशीलता अहवाल महत्त्वाचा. त्यात प्रत्येक अटीपुढे ‘छाया किंमत’ येते, म्हणजे ती अट एका एककाने कडक केली तर मिश्रण किती महाग होईल. लायसिनची छाया किंमत चढी असेल तर कृत्रिम लायसिन विकत घेणे परवडते का, हे तिथेच कळते. एखाद्या घटकाचे प्रमाण शून्य आले तर तो किती स्वस्त झाल्यावर घ्यावा, हेही त्याच अहवालात दिसते. व्यापाऱ्याशी भाव करताना हा आकडा खिशात असावा.

दोन ठिकाणी सावध राहा. एक, सॉल्व्हर प्रति किलो सर्वांत स्वस्त खाद्य देतो, आपल्याला हवे असते एक वेत निभावण्याचे सर्वांत स्वस्त खाद्य. म्हणून मादी प्रत्यक्ष किती किलो खाते हे आठवडाभर तोलून घ्या आणि गरजा त्यावरून बसवा. दोन, पुस्तकातला मका आणि तुमच्या कोठीतला मका सारखा नसतो. प्रयोगशाळेत तपासून आलेले आकडे घाला आणि लायसिनची किमान मर्यादा गरजेपेक्षा थोडी वर ठेवा. बुरशीचा वास येणारा माल मॉडेलमध्ये कितीही स्वस्त दिसला तरी गाभण माद्यांना देऊ नका. बुरशीतले झिअरलेनोन हे विष माजाचे चक्र बिघडवते.

पाण्यात काटकसर नको. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ३५ लिटर लागते, उन्हात त्याहूनही जास्त. पाणी पिण्याच्या निपलखाली भांडे धरून एका मिनिटात किती पाणी येते ते मोजा. २ लिटरपेक्षा कमी येत असेल तर पाइप आणि दाब बघा. पाणी खंडित झाले तर डुकरांना मिठाची विषबाधा होऊ शकते, आणि ती जीवघेणी असते.

विक्री कधी?

इथे पैशाऐवजी खाद्याच्या किलोंत हिशोब करा, सोपा जातो. समजा १ किलो जिवंत वजनाला ५ किलो खाद्याइतका भाव मिळतो. थंड दिवसांत मोठे डुक्कर रोज ०.८५ किलो वाढते आणि २.७ किलो खाते. वाढ ४.२५ किलो खाद्याच्या तोडीची, खर्च २.७, शिल्लक १.५५. उन्हात तेच डुक्कर ०.६ किलो वाढते आणि २.३ किलो खाते. शिल्लक ०.७.

शिल्लक अजून आहे, मग ठेवू या, असे वाटते. पण त्या जागेवर पुढची बॅच येणार आहे. पिल्लांची किंमत, औषधे, मजुरी आणि खोली रिकामी राहण्याचे दिवस धरून पुढच्या बॅचची रोजची सरासरी शिल्लक काढा. ती १.२ निघाली तर थंडीत डुक्कर ठेवायचे आणि उन्हात विकायचे. लहान डुकरांना उष्णता मोठ्यांपेक्षा कमी जाचते, त्यामुळे पुढची बॅच उन्हात अगदीच कोलमडत नाही. हीच तुलना मोठ्या मॉडेलमध्ये असते, फक्त तिथे दर आणि वजन आठवड्या-आठवड्याने बदलत जातात.

सगळा गोठा एकाच दिवशी मोकळा करण्यापेक्षा सर्वांत जड डुकरे दोन-तीन आठवडे आधी काढा. उरलेल्यांना जागा मिळते, खाद्याच्या भांड्यापाशी दाटी कमी होते आणि त्यांची वाढ सुधारते. वाहतूक रात्री किंवा पहाटे करा, गाडीत गर्दी करू नका.

उलटलेली मादी काढायची का?

या प्रश्नावर गणितज्ञांनी बरेच काम केले आहे. मादीचे वेत, मागच्या वेतातली पिल्ले आणि कितीदा उलटली यावरून तिची ‘अवस्था’ ठरवून पुढच्या वेतांचा अंदाज बांधायचा, अशी मार्कोव्ह साखळीवर आधारलेली मॉडेल्स डेन्मार्कचे अँडर्स क्रिस्टेन्सेन आणि स्पेनमधील लेइडा विद्यापीठाचे लुइस प्ला यांनी पुढे नेली. त्यांचा गाभा वहीतही उतरवता येतो. मादीच्या आजवरच्या कामगिरीवर निकाल देऊ नका. तिच्याकडून पुढे काय मिळेल आणि तिच्या जागी येणारी पहिलटकरीण काय देईल, यांची तुलना करा. तिसऱ्या ते पाचव्या वेतातली मादी उन्हात एकदा उलटली तर ती ठेवा, कारण दोष ऋतूचा असू शकतो आणि तिचे चांगले वेत अजून बाकी आहेत. सातव्या-आठव्या वेतातली उलटली तर काढा. या वयात मेलेली पिल्ले जन्मण्याचे प्रमाणही वाढते. उन्हाळ्यात अनियमित माजामुळे गटात खिंडारे पडतात, म्हणून प्रत्येक गटामागे एक-दोन पहिलटकरणी आताच तयार ठेवा.

सुरुवात करायला चार रकाने पुरतात: फळवल्याची तारीख, विण्याची तारीख, दूध तोडल्याची तारीख आणि रोजचे खाद्य. मागच्या उन्हाळ्याच्या नोंदी असतील तर ८५ आणि ७५ ऐवजी स्वतःची टक्केवारी वापरा. नोंदी नसतील तर वरचे आकडे फक्त तात्पुरते समजा. पहिले दोन गट विल्यावर स्वतःचे आकडे घालून कप्प्यांचा हिशोब पुन्हा करा. खाद्याचा सॉल्व्हर नव्या मालाची प्रत्येक खेप आली की चालवा.