रोवणीच्या चिखलात उतरण्याआधी हातपाय बघून घ्या

रामटेक, मौदा, पारशिवनी, कुही या नागपूर जिल्ह्याच्या पट्ट्यात धानाची रोवणी लागली की बायामाणसांचे पाय दिवसभर बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या, चिखलात असतात. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत निंदण आणि पानसोट (खुंटावरचे नको असलेले फुटवे) काढणे चालू असते, आणि जंबेरीच्या खुंटावरून फुटलेले पानसोट काटेरी असतात. इळ्याचा काप, काट्याची टोच, उललेली टाच यांना आपल्याकडे कोणी जखम म्हणत नाही. या वर्षी म्हणा, कारण मातीतले जंतू तिथूनच अंगात शिरतात.

धनुर्वाताची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. त्याचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. दर 10 वर्षांनी इंजेक्शन घ्यावे. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसाला 5 वर्षे उलटली असतील, तर लगेच घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मिळते.

फारसे माहीत नाही ते मेलिऑयडोसिसबद्दल. 1912 च्या सुमारास रंगूनमध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला. बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय हा त्याचा जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो आणि बारीकशा कापातूनही अंगात शिरतो. भारतात कर्नाटकाची किनारपट्टी, केरळ, तामिळनाडू, ओडिशा इकडे त्याचे रुग्ण सापडत आले आहेत. आजार विरळ आहे, त्यामुळे चिखलाची धास्ती घ्यायचे कारण नाही. पण झाला तर जिवावर बेततो, आणि ओळखू येत नाही हीच त्याची खरी अडचण. कुणाला न भरणारी जखम होते, कुणाला न्यूमोनिया, कुणाच्या यकृतात किंवा प्लीहेत गळू होते. ताप, खोकला, वजन घटणे यामुळे पुष्कळदा टीबीच वाटतो. लक्षणे साधारण 1 ते 21 दिवसांत दिसतात, कधी कधी महिन्यांनीही.

सर्वांत जास्त धोका शुगर असलेल्यांना. मूत्रपिंडाचा जुना आजार, थॅलेसेमिया आणि रोजची दारू असलेल्यांनीही जपावे. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला मुंग्या येत असतील तर काटा रुतलेला कळतही नाही. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणी तरी रोज संध्याकाळी त्यांचे तळवे उजेडात बघावेत. पायाला उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत त्यांनी बांधीत उतरू नये. रोवणी थांबत नसते हे मान्य, पण धुऱ्यावरची (बांधावरची) कोरडी कामे असतात, ती त्यांना द्या.

गमबूट आणि हातमोजे चांगलेच. मात्र रोवणीच्या गाळात गमबूट रुततात, आणि बायका ते काढून ठेवतात हे आपण बघतोच. तेव्हा निदान कापलेल्या जागेवर पाणी न शिरणारी पट्टी लावून उतरावे. बागेत, शेणखत भरताना आणि कालव्याच्या कडेला बूट घालायलाच हवेत. गुत्त्याने (ठेक्याने) रोवणी देणाऱ्या शेतमालकाने धुऱ्यावर स्वच्छ पाण्याची कॅन, साबण आणि पट्ट्यांचा डबा ठेवावा. ही मजुरांवरची मेहेरबानी नव्हे, मालकाची जबाबदारी आहे.

कापले तर बांधीच्या किंवा कालव्याच्या पाण्याने धुऊ नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने पाच-दहा मिनिटे धुवा, माती पूर्ण निघू द्या, पोव्हिडोन आयोडीन लावून झाका. चुना, तंबाखू, शेण, डिझेल यातले काही भरू नका. काटा खोल मोडला असेल तर सुईने उकरत बसू नका. दवाखान्यात काढून घ्या.

तळ्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यात जखम झाली आणि एक-दोन दिवसांतच सूज झपाट्याने वर चढू लागली, ठणका असह्य झाला, फोड आले, कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. एरोमोनाससारखे पाण्यातले जंतू काही तासांत मांस सडवू शकतात. उलट पायावर न दुखणारी गाठ हळूहळू वाढत असेल आणि तिच्या छिद्रांतून दाणे पडत असतील तर तो मायसेटोमा असू शकतो. दुखत नाही म्हणून तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो आणि हाडापर्यंत जातो.

डॉक्टरांकडे गेल्यावर न विचारताही सांगा: "मी रोवणीला होतो, चिखलात पाय कापला होता, मला शुगर आहे." एवढ्या सांगण्याने तपासणीची दिशा बदलते. ताप उतरत नसेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल तर पू आणि रक्त कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवायला सांगा, जमल्यास अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. पेशंट गंभीर असेल तर मात्र कल्चरसाठी औषध अडवू नका. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानमधले एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी एक गाठता येते. मेडिकल स्टोअरमधून गोळ्या आणून वेळ घालवू नका, कारण नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स मेलिऑयडोसिसवर चालत नाहीत. त्याला आधी निदान 10 ते 14 दिवस शिरेतून औषध लागते आणि नंतर कमीत कमी 3 महिने गोळ्या. पहिल्या महिन्यातच बरे वाटू लागते आणि तेव्हाच गोळ्या सुटतात. अर्धवट सोडल्यास आजार उलटतो, म्हणून कापणीच्या धांदलीतही डोस चुकवू नका.