कस्टम कंट्रोल बिघडलं तर दोष कसा शोधावा: अँड्रॉइड आणि आयओएससाठी क्रमवार पद्धत

गोल स्लायडर, रेटिंगच्या चांदण्या, एखादा आलेख किंवा वेगळ्या घडणीचं बटण. स्वतः लिहिलेलं असं कंट्रोल पडद्यावर दिसलंच नाही किंवा बोट लावूनही ढिम्म राहिलं, की बहुतेक जण आधी चित्र काढणारा कोड उघडतात. रंग बदलून बघतात, आकडे कमीजास्त करतात आणि तासभर तिथेच जातो. पण चित्र हा बराच पुढचा टप्पा आहे. कंट्रोल आधी तयार होतं, मग त्याचं मोजमाप होतं, त्याला जागा मिळते, त्यानंतर ते रेखाटलं जातं आणि शेवटी स्पर्शाला उत्तर देतं. मोजमापातली चूक रेखाटनात दिसते, म्हणून शोध या क्रमानेच घ्यावा. कोणत्या टप्प्यापर्यंत सगळं ठीक आहे हे कळेपर्यंत कोडची एकही ओळ बदलू नका.

पायरी १: कंट्रोल एकटं काढा

एक रिकामी स्क्रीन बनवा. तिच्यात फक्त हे कंट्रोल ठेवा, रुंदी-उंची ठरावीक द्या (२०० बाय २०० पुरे) आणि मागे भडक रंग लावा. इथे ते नीट चाललं, तर दोष त्याच्या आजूबाजूला आहे: बाहेरचा लेआउट, यादी किंवा थीम. रंगाचा चौकोन दिसतो पण आतलं चित्र नाही, तर मोजमाप ठीक आहे, रेखाटन तपासा. चौकोनही दिसत नसेल तर गडबड त्याआधीच झालेली आहे.

पायरी २: ते तयार तरी होतंय का?

अँड्रॉइडमध्ये एक्सएमएलमधून (लेआउटच्या फाइलमधून) येणाऱ्या व्ह्यूला, म्हणजे पडद्यावरच्या घटकाला, कॉन्टेक्स्ट आणि अ‍ॅट्रिब्यूट सेट घेणारा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन) लागतोच. तो नसेल तर लेआउट उघडतानाच अ‍ॅप बंद पडतं. आयओएसमध्ये कोडमधून बनवलेला व्ह्यू ‘इनिट फ्रेम’मधून येतो आणि स्टोरीबोर्डमधला (स्क्रीन चित्ररूपात मांडलेल्या फाइलमधला) ‘इनिट कोडर’मधून. सुरुवातीची मांडणी एकातच लिहिली असेल, तर एका स्क्रीनवर कंट्रोल छान दिसतं आणि दुसरीवर रिकामं. दोन्हींतून एकच समाईक फंक्शन बोलवा.

कोटलिन या अँड्रॉइडसाठी वापरल्या जाणाऱ्या भाषेतला एक सापळा सहज लक्षात येत नाही. तयार बटणाचा क्लास वाढवताना ‘जेव्हीएम ओव्हरलोड्स’ (डीफॉल्ट मूल्यांवरून कन्स्ट्रक्टरचे वेगवेगळे प्रकार आपोआप बनवणारी खूण) वापरून स्टाइलच्या पॅरामीटरला शून्य हे डीफॉल्ट दिलं, तर बटणाची मूळ स्टाइलच हरवते. मूळ क्लासचा दोन पॅरामीटरवाला कन्स्ट्रक्टर ती स्टाइल स्वतः पुरवत असतो, तुमचं शून्य तिला झाकून टाकतं. बटण साध्या मजकुरासारखं दिसू लागलं की आधी इथे बघा.

पायरी ३: मोजमाप तपासा

माझ्या मते सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. अँड्रॉइड स्टुडिओतला लेआउट इन्स्पेक्टर किंवा एक्सकोडमधला व्ह्यू हायरार्की डीबगर उघडा आणि कंट्रोलची खरी रुंदी-उंची वाचा. अंदाज करू नका. अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लेआउटच्या कडा दाखवणारी सोय आहे, तीही चालू करा.

आकार शून्य आला असेल, तर अँड्रॉइडवर ‘ऑन मेजर’ बघा. त्यात बाहेरच्या लेआउटकडून तीनपैकी एक अट येते: एवढाच आकार घे, जास्तीत जास्त एवढा घे, किंवा हवा तेवढा घे. तिन्हींना उत्तर द्यावं लागतं आणि शेवटी ‘सेट मेझर्ड डायमेन्शन’ बोलवावंच लागतं, नाहीतर अपवाद फेकला जातो. ‘ऑन मेजर’ लिहिलंच नसेल तर उलटा प्रकार होतो: ‘रॅप कंटेंट’ (आतल्या गोष्टीपुरताच आकार) देऊनही कंट्रोल उपलब्ध जागा भरून बसतं, कारण मूळ व्ह्यू ‘जास्तीत जास्त’ म्हणून आलेली मर्यादा पूर्ण घेऊन टाकतो. ‘रिझॉल्व्ह साइझ’ ही तयार मेथड वापरली की तिन्ही अटी नीट हाताळल्या जातात. पॅडिंग (कडेची आतली मोकळी जागा) मात्र स्वतः हिशेबात धरायचं असतं.

आयओएसवर ‘इंट्रिन्सिक कंटेंट साइझ’ (कंट्रोलचा स्वतःचा स्वाभाविक आकार) दिला नसेल आणि कन्स्ट्रेंट्सही (आकार-जागेची बंधनंही) अपुरे असतील, तर ऑटो लेआउट या मांडणीच्या यंत्रणेला आकार ठरवता येत नाही. कोडमधून कन्स्ट्रेंट्स लावताना ‘ट्रान्सलेट्स ऑटोरिसायझिंग मास्क इन्टू कन्स्ट्रेंट्स’ खोटं करायचं राहिलं, तर कन्सोलमध्ये परस्परविरोधी कन्स्ट्रेंट्सच्या तक्रारींची रांग लागते. ती वाचा. नेमकं कोणतं बंधन मोडलं गेलं, हे त्यातच लिहिलेलं असतं.

आणखी एक: कन्स्ट्रक्टरमध्ये रुंदीवर आधारित हिशेब करू नका. अँड्रॉइडवर त्या वेळी ती शून्यच असते. असे हिशेब ‘ऑन साइझ चेंज्ड’मध्ये ठेवा, आयओएसवर ‘लेआउट सबव्ह्यूज’मध्ये.

पायरी ४: रेखाटन

अँड्रॉइडवर ‘ऑन ड्रॉ’ या चित्र काढणाऱ्या मेथडमध्ये एक लॉग टाका आणि ते बोलवलं जातंय का बघा. व्ह्यूग्रुपपासून (इतर व्ह्यू आत ठेवणाऱ्या क्लासपासून) बनवलेल्या कंट्रोलमध्ये ते मुळात बोलवलं जात नाही. ‘सेट विल नॉट ड्रॉ’ला फॉल्स द्यावं लागतं. गंमत अशी की पार्श्वभूमीचा रंग लावताच ते बोलवलं जाऊ लागतं. म्हणजे पहिल्या पायरीतला भडक रंग असताना चित्र दिसलं आणि तो काढताच गायब झालं, तर निदान तिथेच झालं.

‘ऑन ड्रॉ’ चालतंय पण अक्षरं दिसत नाहीत? अँड्रॉइडच्या ‘ड्रॉ टेक्स्ट’मधला उभा आकडा अक्षरांच्या आधाररेषेचा असतो, वरच्या कडेचा नाही. शून्य दिलं की मजकूर कडेच्या वर जातो आणि कापला जातो. अक्षरं फार बारीक दिसत असतील तर पेंटचा आकार पिक्सेलमध्ये असतो हे आठवा. १६० डीपीआयच्या (इंचामागे ठिपके) पडद्यावरच एक डीपी, म्हणजे अँड्रॉइडचं घनतेवर न अवलंबणारं एकक, म्हणजे एक पिक्सेल.

मूल्य बदललं पण चित्र जुनंच राहिलं, तर अँड्रॉइडवर ‘इनव्हॅलिडेट’ राहिलंय आणि आयओएसवर ‘सेट नीड्स डिस्प्ले’. बदलाने आकारही बदलणार असेल तर ‘रिक्वेस्ट लेआउट’ही हवं. आयओएसवर फोन आडवा केल्यावर चित्र ताणलेलं दिसलं, तर ‘कंटेंट मोड’ला ‘रीड्रॉ’ द्या. चित्रामागे काळा चौकोन आला, तर पार्श्वभूमीचा रंग क्लिअर करा किंवा ‘इज ओपेक’ फॉल्स करा.

चित्र अडखळत हलत असेल तर वेळेचं गणित बघा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३. त्यामुळे पेंट, पाथ असे ऑब्जेक्ट ‘ऑन ड्रॉ’च्या आत दर वेळी बनवू नका.

पायरी ५: स्पर्श

इथे ब्रेकपॉइंटपेक्षा लॉग बरा, कारण ब्रेकपॉइंटवर अ‍ॅप थांबलं की बोटाची हालचालच तुटते. खाली टेकणं, सरकणं, उचलणं आणि रद्द होणं या चारही घटना लॉगमध्ये टिपा.

अँड्रॉइडवर फक्त पहिली घटना आली आणि पुढे शांतता, तर ‘ऑन टच इव्हेंट’ने त्या घटनेला ‘ट्रू’ परत दिलेलं नाही. थोडं सरकल्यावर मध्येच ‘कॅन्सल’ आलं, तर बाहेरच्या स्क्रोल होणाऱ्या लेआउटने हालचाल हिसकावून घेतली आहे. ओढणं सुरू झाल्यावर पॅरेंटवर (त्या बाहेरच्या व्ह्यूवर) ‘रिक्वेस्ट डिसअलाव इंटरसेप्ट टच इव्हेंट’ बोलवा. ‘कॅन्सल’ आल्यावर दाबलेली अवस्था मागे घ्यायलाही विसरू नका, नाहीतर बटण दाबलेलंच दिसत राहतं.

आयओएसवर घटना येतच नसतील तर तीन गोष्टी बघा. व्ह्यू पॅरेंटच्या सीमेबाहेर गेला असेल तर तो दिसतो, पण बाहेरच्या भागाला स्पर्श मिळत नाही. यूआयइमेजव्ह्यूमध्ये स्पर्श मुळात बंद असतो. आणि अल्फा (अपारदर्शकता) ०.०१ पेक्षा कमी असेल तर व्ह्यू स्पर्शातून वगळला जातो.

पायरी ६: यादीत आणि फोन फिरवल्यावर

यादीत सरकवताना भलत्याच ओळीतली चांदणी उजळली, तर दोष कंट्रोलचा नाही. ओळी पुन्हा वापरल्या जातात, म्हणून प्रत्येक वेळी सगळी अवस्था नव्याने लावावी लागते. ‘असेल तर उजळ’ एवढं लिहून भागत नाही, ‘नसेल तर विझव’ हेही लागतं. फोन फिरवल्यावर मूल्य पुसलं गेलं, तर अँड्रॉइडवर ‘ऑन सेव्ह इन्स्टन्स स्टेट’ लिहा आणि व्ह्यूला आयडी द्या. आयडीशिवाय त्याची अवस्था साठवलीच जात नाही.

पायरी ७: टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर चालू करून वापरा

टॉकबॅक (अँड्रॉइड) आणि व्हॉइसओव्हर (आयओएस) पडद्यावरचं बोलून दाखवतात. ही तपासणी अजिबात टाळू नका. तयार कंट्रोलला जे फुकट मिळतं, ते स्वतः काढलेल्या चित्राला मिळत नाही. न पाहता फोन वापरणाऱ्यासाठी तुमचा सुंदर स्लायडर अस्तित्वातच नसतो. अँड्रॉइडवर बोट उचलल्यावर ‘परफॉर्म क्लिक’ बोलवा आणि वर्णन द्या. स्पर्शाची जागा किमान ४८ डीपी ठेवा, आयओएसवर ४४ पॉइंट. अक्षरांचा आकार सेटिंग्जमधून सर्वात मोठा करून बघा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. आयओएसवर ‘इज अ‍ॅक्सेसिबिलिटी एलिमेंट’ खरं करा, स्लायडरसारख्या कंट्रोलला ‘अ‍ॅडजस्टेबल’ हे ट्रेट (कंट्रोल कसं वागतं हे सांगणारी खूण) द्या आणि मूल्य वाढवण्या-कमी करण्याच्या दोन्ही मेथड लिहा. मग डोळे मिटून, फक्त आवाजाच्या आधाराने, मूल्य हवं तिथे नेता येतंय का ते स्वतः करून बघा.