शूटिंगनंतर गन कंट्रोलचे पोल वाचताना या चुका टाळा

६ मे २०२३, शनिवार दुपार. डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाचं गाव आहे, तिथल्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला आणि ८ जण गेले, त्यात हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी पण होती. आम्ही प्लेनोत राहतो. इंडियाला जायच्या आधी बॅगा भरायला आपली सगळी मंडळी त्याच मॉलमध्ये जातात, त्यामुळे त्या रात्री एकमेकांना फोन करून "घरी आहात ना?" एवढंच विचारणं चालू होतं. सांगलीहून मामांचा फोन आला, "अगं, एवढी माणसं मरतात तरी तिथल्या लोकांना काहीच कसं वाटत नाही?"

दोन दिवसांत आमच्या मराठी ग्रुपवर दोन फॉरवर्ड आले. एकात होतं की ९० टक्के अमेरिकन्सना कडक कायदा हवाय, दुसऱ्यात होतं की निम्म्या अमेरिकेला बंदुकीचा हक्कच जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यावरून इतकी वादावादी झाली की दोघं जण ग्रुप सोडून गेले. दोन्ही आकडे खऱ्या पोल्समधूनच आले होते, वाचण्यात चूक होत होती, माझीही होत होती. तेव्हापासून मी हे पोल नीट बसून वाचते आणि त्याच त्याच चुका दर वेळी दिसतात म्हणून हे लिहितेय.

पहिल्या महिन्यातला आकडा कायमचा धरणं

गॅलप ही इथली जुनी मतचाचणी संस्था १९९० पासून एकच प्रश्न विचारतेय, बंदूक विक्रीचे कायदे आणखी कडक करावेत, सैल करावेत का आहेत तसेच ठेवावेत. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण मारले गेले, त्यानंतर मार्चमध्ये "कडक करा" म्हणणारे ६७ टक्के होते, ऑक्टोबरमध्ये ६१ आणि २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत ५२ वर आले. मग मे २०२२ मध्ये आमच्या टेक्सासमधल्या युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, जूनमध्ये आकडा ६६ आणि ऑक्टोबरमध्ये परत ५७. म्हणजे घटना ताजी असताना चढतो आणि चार-सहा महिन्यांत उतरतो, हे इतक्या वेळा झालंय की जूनचा आकडा दाखवून "आता देश बदलला" म्हणणं बरोबर नाही.

पण उतरला म्हणजे लोक विसरले असंही नाही. २०११ मध्ये हाच आकडा ४३-४४ च्या आसपास होता, सँडी हुकच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, म्हणजे डिसेंबर २०१२ मध्ये, ५८ झाला, २०१४ ला ४७ वर घसरला, आणि २०२३ आणि २०२४ मध्ये मात्र ५६ वर टिकून आहे. लाट ओसरल्यावर पाणी कुठे थांबतंय ते बघा, खरं मत तिथे कळतं. आणि कोणी १९९० चा ७८ टक्क्यांचा आकडा काढून "बघा, तेव्हा लोक जास्त शहाणे होते" म्हणालं तर ते सुद्धा अर्धवटच आहे, कारण तेव्हा शहरांमध्ये रोजच्या खून-लुटालुटीची भीती फार मोठी होती, शाळेतल्या शूटिंगची नव्हे.

"गन कंट्रोल" हा एकच प्रश्न समजणं

आमच्या ग्रुपवरचं भांडण खरं तर इथे होतं. प्यू रिसर्च, ही दुसरी मतचाचणी संस्था, जेव्हा विचारते की बंदुकीच्या मालकीवर नियंत्रण जास्त महत्त्वाचं का बंदूक बाळगायचा हक्क जपणं जास्त महत्त्वाचं, तेव्हा उत्तर जवळपास निम्मं-निम्मं येतं. तीच प्यू जेव्हा विचारते कायदे आणखी कडक हवेत का, तेव्हा ५८ टक्के हो म्हणतात. आणि प्रत्येक विक्रीआधी, अगदी खासगी विक्रीआधीसुद्धा, बॅकग्राउंड चेक (म्हणजे घेणाऱ्याची गुन्ह्यांची वगैरे नोंद तपासणं) हवा का, असं विचारलं की बऱ्याच पोल्समध्ये आकडा ८०-९० च्या घरात जातो. तीच माणसं, तोच देश. एखाद्याच्या कपाटात दोन रायफली असतात, त्याला हक्क प्यारा असतो, आणि तरी चेक झाल्याशिवाय कोणाला विकू नये असं त्याला मनापासून वाटतं, यात काही विसंगती नाहीये.

आपल्याकडून येणाऱ्या लोकांना हे पटकन कळत नाही कारण आपल्या डोक्यात शस्त्र परवाना म्हणजे आधी नाही आणि मग खास कारण असेल तर हो. इथे उलटं आहे, आधी हो, मग कोणाला नाही म्हणायचं ते ठरवायचं. दुकानदाराकडे लायसन्स असेल तर त्याला केंद्राच्या कायद्याने चेक करावाच लागतो, पण खासगी माणसाने माणसाला विकली तर बऱ्याच राज्यांत तसं बंधन नाही, आणि वाद आहे तो मुख्यतः ह्या फटीवर.

म्हणून "गन कंट्रोलला पाठिंबा" असं कोणी लिहिलं की विचारा, कशाला पाठिंबा? पोलीस आणि अधिकृत व्यक्ती सोडून इतरांना हँडगन बंद करावी का, ह्याला १९५९ मध्ये गॅलपच्या पोलमध्ये ६० टक्के हो होते, २०२४ मध्ये २० टक्के. असॉल्ट रायफलवर बंदीला २०२२ मध्ये ५५ टक्के. चेकला ९०. हे सगळे आकडे "गन कंट्रोल" ह्या एकाच नावाखाली फिरतात आणि मग ज्याला जो सोयीचा तो उचलतो.

९० टक्के लोकांना हवंय म्हणजे होणारच असं धरणं

ही चूक सगळ्यात जास्त मनस्ताप देते.

सँडी हुकमध्ये २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ ला, सिनेटमध्ये बॅकग्राउंड चेक वाढवायचा प्रस्ताव आला, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन अशा दोन सिनेटर्सनी मिळून आणलेला, त्याला ५४ मतं पडली आणि तो पडला, कारण ६० लागत होती. पोलमध्ये ९० आणि सिनेटमध्ये ५४. सिनेटमध्ये साधारण ३.९ कोटींच्या कॅलिफोर्नियाला २ जागा आणि सहा लाखही लोक नसलेल्या वायोमिंगलाही २ च जागा, त्यामुळे देशभराचा टक्का आणि सिनेटचा टक्का जुळत नाही, हे लोकांना माहीत असतं. पण एवढंच कारण नाहीये.

जिथे सिनेट आड येत नाही, लोक थेट मत देतात, तिथे काय झालं बघा. नोव्हेंबर २०१६ मध्ये नेवाडा आणि मेन या दोन राज्यांनी बॅकग्राउंड चेक वाढवायचा प्रश्न मतपत्रिकेवर घेतला. नेवाडात तो १० हजारांपेक्षाही कमी मतांनी कसाबसा पास झाला, मेनमध्ये हरला. पोलमधले ९० टक्के गेले कुठे? फोनवर "चेक असावा का?" ह्या प्रश्नाला हो म्हणणं एक आणि "शेजाऱ्याला शिकारीसाठी बंदूक दोन दिवस दिली तर गुन्हा होईल का?" असे जाहिरातीतले सवाल महिनाभर ऐकून मग आख्खा कायदा मंजूर करणं वेगळं. शिवाय ज्यांना विरोध असतो त्यांचं मत बऱ्याचदा ह्याच एका विषयावर ठरतं, हो म्हणणाऱ्यांच्या यादीत महागाई, शाळा, हेल्थ इन्शुरन्स असं बरंच काही आधी असतं. पोल डोकी मोजतो, जीव किती तोडून वाटतंय ते त्यात सहसा दिसत नाही. (नेवाडात पास होऊनही तो कायदा राबवता आला नाही, एफबीआयने ते चेक करायला नकार दिला, ऑक्टोबर २०१७ चं लास व्हेगासचं हत्याकांड तो कायदा असा कागदावर असतानाच झालं, शेवटी २०१९ मध्ये विधिमंडळाने नव्याने कायदा केला.)

आमच्या इथलंच सांगते. ॲलननंतर दोनच दिवसांनी, ८ मे २०२३ ला, टेक्सास हाउसच्या एका कमिटीने काही सेमी-ऑटोमॅटिक रायफली घ्यायचं वय १८ वरून २१ करायचं बिल ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे पाठवलं, दोन रिपब्लिकन्सनीही हो म्हटलं. युवाल्डीची कुटुंबं कित्येक महिने ह्याच्यासाठी खेटे घालत होती, कारण तिथे गोळीबार करणाऱ्या मुलाने १८ पूर्ण झाल्या झाल्या तशाच रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. ती माणसं त्या दिवशी टेक्सासच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधानभवनात, रडली. दुसऱ्याच दिवशी बिल सभागृहाच्या यादीवर यायची मुदत टळली आणि विषय तिथेच मेला. मी ते टीव्हीवर बघत होते आणि मला अजूनही त्याचा त्रास होतो.

सगळे एकाच बाजूला सरकतात असं समजणं

डिसेंबर २०१२ मध्ये, सँडी हुकच्याच महिन्यात, एफबीआयकडे बंदुकीसाठीच्या चेकच्या २७ लाखांहून जास्त विनंत्या आल्या, त्याआधी कुठल्याच महिन्यात इतक्या आल्या नव्हत्या. एक चेक म्हणजे एक विक्री असं नसतं, पण कल कळतो. काहींना स्वतःच्या घराची भीती वाटते, काहींना वाटतं आता बंदी येणार, आत्ताच घेऊन ठेवा. राज्यंही सैल करतात. टेक्सासमधल्याच एल पासोला ऑगस्ट २०१९ च्या गोळीबारात २३ जण मारले गेले आणि १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेक प्रौढांना परमिटशिवाय हँडगन जवळ बाळगता येते. तेव्हा "एवढं होऊनही अक्कल येत नाही" म्हणण्यापेक्षा हे लक्षात घ्या की त्याच घटनेतून समोरचा माणूस उलटा निष्कर्ष काढतोय आणि तो मनापासून काढतोय.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची तुलना थोडी जपून करा. ऑस्ट्रेलियातलं पोर्ट आर्थरचं हत्याकांड १९९६ चं, न्यूझीलंडमधलं ख्राइस्टचर्चचं २०१९ चं, त्यानंतर दोन्हीकडे कायदे कडक झाले, न्यूझीलंडच्या संसदेने तर महिन्याभरात ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा केला, हे खरंच आहे. पण तिथे घटनेत बंदुकीचा हक्क लिहिलेला नाही, इथे आहे, आणि २००८ पासून सुप्रीम कोर्टाने तो व्यक्तीचा हक्क मानलाय.

मामा म्हणतात तसं "काहीच बदलत नाही" हेही खरं नाही. पार्कलंडनंतर साधारण तीन आठवड्यांत फ्लोरिडात, रिपब्लिकन गव्हर्नरच्या सहीने, बंदूक घ्यायचं वय २१ झालं आणि रेड फ्लॅग कायदा आला, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं कोर्टाच्या आदेशाने काही काळ काढून घेता येतात. युवाल्डीनंतर महिन्याभरात केंद्राचा कायदा झाला, सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३. आणि मेन, जिथे २०१६ मध्ये लोकांनी नाही म्हटलं होतं, तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये लुइस्टन शहरातल्या गोळीबारात १८ जण गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच मेनच्या मतदारांनी रेड फ्लॅग कायदा मंजूर केला. घटना ताजी असताना नाही, दोन वर्षांनी.

आकडा गडबडलाय असं वाटलं तर

दोन पोल एकमेकांशी जुळत नसतील तर आधी तारीख बघा, मग प्रश्नाचे नेमके शब्द शोधा, बातमीतले नाही, पोलमधले. मग कोणाला विचारलं ते बघा. फॉरवर्डवर हे काहीच नसेल तर पुढे पाठवू नका.

कोणाला विचारलं हे आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं आहे. गॅलप इथे राहणाऱ्या प्रौढांना विचारते, नागरिकत्व विचारून निवडत नाही, त्यामुळे एच-वन-बी व्हिसावर आलेला आपला मुलगा त्या टक्क्यात येऊ शकतो पण मत देऊ शकत नाही. आणि ज्यांना नागरिकत्व मिळालंय ते नोव्हेंबरला जातात, मार्चच्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाला, जात नाहीत, आणि टेक्सासमध्ये बहुतेक जागांचा निकाल तिथेच लागतो. २०२२ च्या मार्चमध्ये दोन्ही पक्षांच्या प्रायमरी मिळून ३० लाखांच्या आसपास मतं पडली, नोंदलेले मतदार १ कोटी ७० लाखांच्या वर होते. वयाचं ते बिल ज्यांच्या हातात होतं ते आमदार ह्या ३० लाखांकडे बघून मत देतात. मतदार नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी झालेली लागते, आमच्या ग्रुपवर मी आता फॉरवर्डऐवजी ती तारीख टाकते.