फोर्कलिफ्टच्या बॅटरीत पाणी कधी, किती आणि कोणतं

सोलापूरच्या चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या गोदामात फोर्कलिफ्टची लेड-ॲसिड बॅटरी लवकर बसते, तिथं आधी दोन गोष्टी तपासा: पाणी आणि उष्णता.

पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावरच घाला. चार्ज होताना ॲसिड फुगतं. आधीच भरून ठेवलं तर ते व्हेंट प्लगमधून, म्हणजे सेलच्या वरच्या बुचातून, उतू जातं, ट्रे गंजतो आणि त्या सेलचं ॲसिड कायमचं पातळ होतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच चार्जिंगआधी त्या जेमतेम बुडतील एवढं घाला, बाकीचं नंतर. वाफ आणि वायू होऊन जातं ते फक्त पाणी, म्हणून टॉपअपला ॲसिड कधीच वापरू नका. बोअरच्या पाण्यातलं लोह आणि क्लोराइड प्लेटा खातं. आरओचं पिण्याचं पाणीही चालत नाही. डीएम वॉटरच (क्षार काढलेलं पाणी) हवं, तेही स्वच्छ प्लॅस्टिकच्या कॅनमधून.

ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, पाणी घालण्याआधी घ्या, कारण ताजं पाणी वरच तरंगतं आणि ती मोजणारा हायड्रोमीटर खोटा आकडा दाखवतो. 48 व्होल्टच्या बॅटरीत 24 सेल असतात, सगळे मोजून वहीत लिहा. पूर्ण चार्जला 27 अंशांवर आकडा साधारण 1.280 येतो. उन्हाळ्यात ॲसिड 45 अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात 0.013 मिळवा, नाहीतर चांगला सेलही कमजोर वाटेल. सेलांमध्ये 0.030 पेक्षा जास्त फरक दिसला तर इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे करणारा जादा चार्ज) द्या. तरीही एखादा सेल मागेच राहिला तर सर्व्हिसवाल्याला बोलवा.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपार जातो, म्हणून चार्जिंग रात्री लावा. ॲसिड 50 अंशांवर गेलं की थांबवा. तापमान सतत 10 अंशांनी जास्त राहिलं तर बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. चार्ज झाल्यावर लगेच कामाला जुंपू नका, थंड होऊ द्या. आणि वापरताना बॅटरी 80 टक्क्यांहून जास्त उतरवू नका, म्हणजे निदान 20 टक्के चार्ज शिल्लक ठेवा.

आता जिवाशी गाठ असलेला भाग. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीनं स्फोट होतो. तो हलका असल्यानं छताखाली साचतो, म्हणून एक्झॉस्ट वरच हवा. चार्जिंगवेळी बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडं ठेवा, विडी-सिगारेट आणि वेल्डिंग लांब. आधी चार्जर बंद, मगच त्याचा प्लग काढायचा. अंगठी, कडं, घड्याळ उतरवा, पाना इन्सुलेटेड घ्या आणि तो बॅटरीवर ठेवू नका. गॉगल, फेसशील्ड, रबरी हातमोजे, ॲप्रन घातल्याशिवाय व्हेंट प्लग उघडू नये.

डोळ्यात ॲसिड उडालं तर वाहत्या पाण्यानं किमान 15 मिनिटं धुवा, मग दवाखाना. हे पाणी चार्जिंगच्या जागेजवळच असलं पाहिजे, दुसऱ्या शेडमध्ये नव्हे. सांडलेल्या ॲसिडवर लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून ओता. फेस यायचा थांबला की पुसा. बॅटरीचा माथाही असाच साफ करा, पण व्हेंट प्लग घट्ट बंद असताना, कारण सोडा सेलमध्ये गेला तर तो सेल बिघडतो.