व्हिस्कॉसिटी शून्याकडे नेताना: सुरुवात कुठून करावी

व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा चिकटपणा, शून्याकडे नेली की समीकरणाच्या उत्तराचं काय होतं, हा विषय. एमएस्सीनंतर त्याकडे वळणारे बरेच जण थेट नेव्हियर-स्टोक्सला, म्हणजे चिकट द्रवाच्या गतीच्या समीकरणांना, हात घालतात. घाई नको. आधी एका मितीतलं समीकरण हाताने सोडवा: उणे एप्सिलॉन (छोटी धन संख्या, इथली व्हिस्कॉसिटी) गुणिले दुसरं डेरिव्हेटिव्ह, अधिक पहिलं डेरिव्हेटिव्ह, बरोबर १, अंतर ० ते १, दोन्ही टोकांना उत्तर शून्य. एप्सिलॉन शून्य धरलात की समीकरण पहिल्या ऑर्डरचं उरतं आणि एक सीमा-अट सोडावी लागते. सुटते ती उजवीकडची. तिथे एप्सिलॉनएवढ्या रुंदीत उत्तर जवळजवळ १ वरून शून्यावर कोसळतं.

आता हेच संगणकावर. एप्सिलॉन ०.०१, समान भाग २०, पद्धत सेंट्रल डिफरन्स (डेरिव्हेटिव्ह दोन्ही बाजूंच्या शेजारी बिंदूंवरून काढायचं). उत्तर वरखाली नाचेल, कारण एका भागाची लांबी ०.०५, म्हणजे एप्सिलॉनच्या पाचपट. दुपटीच्या आत असेल तरच ही पद्धत शहाण्यासारखी वागते. अपविंड (पहिलं डेरिव्हेटिव्ह फक्त प्रवाह येतो त्या, म्हणजे डाव्या बाजूवरून) लावलंत तर आलेख एकदम देखणा येतो, पण फसू नका. अपविंड गुपचूप भागाच्या निम्मी, ०.०२५ एवढी, खोटी व्हिस्कॉसिटी मिसळतं. ०.०१ चं म्हणून तुम्ही ०.०३५ चं समीकरण सोडवत बसता! त्यापेक्षा उजव्या टोकाशी भाग बारीक करा.

आता खरा द्रव. भिंत नसेल तर नेव्हियर-स्टोक्सचं उत्तर ऑयलरच्या, म्हणजे व्हिस्कॉसिटी नसलेल्या समीकरणाच्या, उत्तराकडे जातं याची सिद्धता अर्ध्या पानाची. नेव्हियर-स्टोक्स आणि ऑयलर यांची सुरुवात एकच घ्या, उत्तरांची वजाबाकी करा, तिनेच गुणून इंटिग्रेट करा, ग्रॉनवॉलची (फरकाच्या वाढीला मर्यादा घालणारी) असमानता लावा. ऑयलरचं उत्तर गुळगुळीत आहे तोवर फरकाची एल-टू नॉर्म (वर्गाच्या इंटिग्रलचं वर्गमूळ) न्यूच्या, म्हणजे व्हिस्कॉसिटीच्या, प्रमाणात राहते.

खरी गोम भिंतीत. नेव्हियर-स्टोक्सचा द्रव भिंतीला चिकटतो, ऑयलरचा घसरतो. प्रांटलने १९०४ मध्ये सांगितलेल्या भिंतीलगतच्या थराची जाडी न्यूच्या वर्गमुळाएवढी. कातोच्या १९८४ च्या निकषात मात्र भिंतीलगतच्या पट्टीची रुंदी न्यूच्याच प्रमाणात. त्या पट्टीत खर्च होणारी ऊर्जा शून्याकडे गेली तरच, आणि गेली तर नक्की, ऊर्जेच्या नॉर्ममध्ये (तीच एल-टू) अभिसरण होतं, म्हणजे नेव्हियर-स्टोक्सचं उत्तर ऑयलरच्या उत्तराकडे जातं. ती खरंच जाते का, हा प्रश्न सर्वसाधारण गुळगुळीत सुरुवातीसाठी दोन मितींतही खुला आहे.

पट्टी इतकी अरुंद का, हे स्वतः करून पाहा. पट्टीची रुंदी न्यूच्या वर्गमुळाएवढी घेतली तरी व्हिस्कॉसिटीचं पद मुकाट्याने मरतं. अडतं ते नॉनलिनिअर पद: हार्डीच्या असमानतेनंतर (भिंतीवर शून्य असलेलं फलन भागिले भिंतीपासूनचं अंतर, हे ग्रेडियंटच्या ताब्यात राहतं) ते रुंदी गुणिले ग्रेडियंटच्या वर्गाचं इंटिग्रल एवढं उरतं, आणि ऊर्जेच्या समीकरणातून ताबा मिळतो तो फक्त न्यू गुणिले त्याच इंटिग्रलवर.