कोड-सर्चमध्ये टेस्ट वर, खरी व्याख्या खाली?
इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनवर स्वतःचा कोड-सर्च चालवत असाल तर आधी ‘बी’ हा सेटिंगमधला आकडा बघा. बीएम२५ (निकालांना गुण देऊन क्रम लावणारं सूत्र) यात हा आकडा मुळात ०.७५ असतो आणि लांब फाइलचे गुण कापतो. लेखांना ते चालतं. कोडमध्ये मात्र फंक्शनची व्याख्या दोन हजार ओळींच्या फाइलीत दडलेली, आणि वर येते चाळीस ओळींची टेस्ट! मी ‘बी’ ०.३ वर आणतो. इंडेक्स नव्याने बांधायची गरज नाही. इंडेक्स बंद करा, सेटिंग बदला, पुन्हा उघडा. फंक्शन-क्लासची नावं वेगळ्या फील्डमध्ये असतील तर त्यांना चौपट वजन द्या. निकाल तरीही खटकला तर ‘एक्स्प्लेन’ चालू करा, कुठल्या शब्दाला किती गुण मिळाले ते लगेच दिसतं. एका वेळी एकच आकडा हलवा.