उच्च रक्तदाब असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला: सुरुवात कशी करावी

कंपनीने व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला उपलब्ध करून दिला, तरी घरच्या नोंदी नसतील तर औषधाची मात्रा ठरवणे अवघड जाते; म्हणून आधी प्रत्येकाला दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र द्यावे. कर्मचाऱ्याने पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे आणि सल्ल्याआधीचे ७ दिवस सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून आकडे वहीत लिहावेत. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास मोजू नये.

या नोंदी मनुष्यबळ विभागाकडे कदापि जाऊ नयेत. नोकरीच्या धास्तीने माणसे आजार लपवतात, हे मला फार खुपते.

छातीत दुखल्यास किंवा बोलणे अडखळल्यास व्हिडिओची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.